दुपारी बागेचं फाटक उघडं ठेवा

नागपूर,
कार्तिक वद्य पंचमी

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पुढच्या महिन्यात हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून सरकार वर्षातून एकदा या शहरात येतं, आणि येतं ते नेमकं हे शहर सगळ्यात देखणं असतं तेव्हा. मोर्चे, निवेदनं, लक्षवेधी यांतच आपले दिवस जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. दिवाळी संपली की माघ महिन्यापर्यंत राज्यातल्या सार्वजनिक बागा दुपारीही उघड्या राहाव्यात. ही एवढीशी गोष्ट मंत्र्यांपर्यंत का न्यावी लागते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

नागपूर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला मे महिना आठवतो. ते खरंच आहे. पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आम्ही दारं-खिडक्या लावून कूलरपुढे दिवस काढतो. मार्च ते जून असा जातो, पुढे पावसाळा, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचं ते चटके देणारं ऊन. मग कार्तिक लागतो आणि एक दिवस सकाळी दार उघडलं की हवेला धार आलेली कळते. नोव्हेंबरात दुपारी ३० च्या आसपास, डिसेंबरात त्याहून थोडं कमी, आणि पहाटे १२ अंश, कधी १० च्याही खाली. भर दुपारी पायी कुठेतरी जावंसं वाटेल असे दिवस या शहराच्या वाट्याला वर्षात एवढेच येतात.

या दिवसांत नागपूरकर घरात थांबत नाही. सकाळी सातला तर्री-पोह्यांच्या गाडीभोवती स्वेटर घातलेल्या माणसांची दाटी असते आणि तर्रीच्या वाफेनं चष्मे धुरकट होतात. तिबेटी विक्रेते लोकरी कपड्यांची दुकानं मांडतात, तिथे घ्यायचं नसलं तरी एक चक्कर होतेच. भाजीबाजारात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, इतका स्वस्त आणि इतका कोवळा असतो की तो जुडीनं नाही, पिशवी भरून घरी येतो आणि संध्याकाळी गल्लीत कुठल्या तरी घरी सांबारवडी तळली जात असल्याचा वास येतो. पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला लावायचा, त्यावर खसखस-खोबऱ्याबरोबर परतलेला सांबार गच्च भरायचा, आणि वर गरम कढी. जेवणाला दुसरं काही लागत नाही. अधिवेशनातल्या सरकारी जेवणात ती कधी असते का, ठाऊक नाही. नसली तर जरूर मागवा.

आणि संत्री. अंबिया बहाराचं फळ दिवाळीत हिरवट असतं, ते आता पिवळं पडायला लागलंय. कळमन्याच्या बाजारातून निघालेल्या हातगाड्या चौकाचौकात उभ्या असतात. संत्रं घरात, ताटात सोलून खाण्यात मजा नाही. उन्हात बसून सोलावं, सालीतलं तेल बोटांना लागावं, बिया मुठीत धराव्यात, शेजारी बसलेल्याला दोन फोडी द्याव्यात. माझ्या लहानपणी महाराजबागेत आम्ही असंच करत होतो.

मुलांना घेऊन अजब बंगल्यात जावं. १८६३ सालचं हे संग्रहालय आहे. तिथले शिलालेख, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी बघून बाहेर आलं की आवारातली झाडं आणखी तासभर धरून ठेवतात. सेमिनरी हिल्सवर चालावं. अंबाझरी आणि गोरेवाडा तलावावर सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवलेली मंडळी भेटतात, कारण उत्तरेकडची बदकं याच महिन्यात उतरू लागतात. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर अर्धं शहर येतं.

पाच दिवसांपूर्वी, त्रिपुरी पौर्णिमेला, आम्ही रामटेकला गेलो होतो. शहरापासून ते पन्नास किलोमीटरच्या आत आहे. गडावर त्रिपूर पाहायला गावोगावचे लोक आले होते, पायऱ्यांवर हात धरून चढणाऱ्या म्हाताऱ्या होत्या आणि खाली अंबाळा तलावाच्या पाण्यात चंद्र होता. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरीवरचा, म्हणजे या रामटेकवरचाच मानला जाणारा, तो यक्ष सगळ्यांना आषाढातल्या ढगासाठी आठवतो. पण त्याचा शाप संपतो कार्तिकात, देव झोपेतून उठतात तेव्हा. शरदाच्या चांदण्या रात्रींसाठी त्यानं ते चार महिने मोजून काढलेले असतात. पावसाळ्यातला रामटेक पाहायला लोक दूरून येतात, पण त्या रात्री पायरीवर बसल्यावर वाटलं, यक्ष ज्याची वाट बघत होता ते हे आहे.

आता माझ्या मूळ बोलण्याकडे येते. हे सगळं करायला गाडी लागते, सुट्टी लागते, सोबत लागते, थोडे पैसे लागतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, ज्यांना दुपारचे दोन तास आणि घरापासून दोनशे पावलं एवढंच परवडतं, त्यांच्यासाठी शहरात एकच जागा उरते, आणि ती म्हणजे मोहल्ल्यातली बाग. ती नेमकी त्याच वेळी बंद असते.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून आहे. उन्हाळ्यात त्याचं सुख आहे, पण या दिवसांत घरात उन्हाचा कवडसाही येत नाही. आईंना ऊन हवं असतं. त्यांच्या गावच्या घरी अंगण होतं, थंडीत जेवण झालं की बायका पाठ उन्हाला देऊन निवडण-टिपण करत बसायच्या. मागच्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांना शाल पांघरून, काठी हातात देऊन बागेत घेऊन गेले. दोनशे पावलांना आम्हाला वीस मिनिटं लागली. फाटकाला साखळी होती आणि साखळीला कुलूप. वेळेची पाटी मी वर्षानुवर्षं पाहत आलेय, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. सकाळी दहाला बाग बंद होते, ती चारला उघडते.

फाटकाबाहेर आम्ही एकट्या नव्हतो. भिंतीला टेकून तीन बाया फुटपाथवर बसल्या होत्या. सकाळची दोन-तीन घरची धुणीभांडी झालेली, संध्याकाळचं काम चारनंतर, आणि मधल्या वेळात परत घरी जायचं तर ऑटोचे पैसे जातात. एकीनं मांडीवर डबा उघडला होता. तिचं पोरगं गजाला धरून आतल्या घसरगुंडीकडे बघत होतं. पहारेकरी दादा आत बाकावर उन्हात बसले होते, ते उठून आले आणि अगदी आदरानं म्हणाले, "आजी, चारला या ना. मला उघडता नाही येत." त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना जे सांगितलंय तेच ते करतात. आईंनी गजांतून आत पाहिलं. मधल्या हिरवळीवर, बाकांवर, सगळीकडे लख्ख ऊन होतं. त्या म्हणाल्या, "ऊन तं आतच पडून राह्यलं ना बाई."

चारला या, हे सांगायला सोपं आहे. पण नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आमच्याकडे साडेपाचलाच. आसपासच्या इमारतींमुळे पावणेपाचलाच बागेत सावली उतरते. म्हणजे चारला फाटक उघडलं तर म्हाताऱ्या माणसाला जेमतेम पाऊण तास ऊन मिळणार, त्यातली वीस मिनिटं चालण्यात गेली. पहाटे यावं तर सूर्यच साडेसहानंतर उगवतो आणि त्या गारठ्यात गुडघे साथ देत नाहीत. उन्हाळ्याला धरून ठरवलेल्या वेळा आपण हिवाळ्यातही तशाच चालवतो आहोत.

यात तब्येतीचाही प्रश्न आहे. अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्य वर असावा लागतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते किरण फारसे पोचतच नाहीत. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला डॉक्टर ऊन घ्या सांगतात ते दहा ते तीनमधलं, आणि नेमक्या त्याच वेळात बागेला कुलूप. हवेचंही तसंच आहे. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते, आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा, जळणाऱ्या कचऱ्याचा धूर तिच्यात अडकून राहतो. दुपारी जमीन तापली की ती हवा वर उठते आणि धूर पांगतो. म्हणजे दम्याच्या माणसानं हिवाळ्यात फिरायला निघावं ते ऊन चढल्यावर. आपण बागा उघडतो पहाटे, हवा सगळ्यात वाईट असताना.

दुपारी बाग बंद ठेवण्याची कारणं मी इकडून तिकडून ऐकली आहेत. झाडलोट आणि पाणी घालायचं असतं, म्हणतात. मग एका वेळी बागेचा एक भाग दोरी बांधून बंद करा, उरलेला लोकांना द्या. कर्मचाऱ्यांची पाळी बदलायची असते, म्हणतात. पण पहारेकरी तर दुपारीही आत होताच. आणि जे कारण हळू आवाजात सांगितलं जातं ते असं, की दुपारी कॉलेजची मुलं-मुली येऊन बसतात, रिकामटेकडे येऊन झोपतात. येऊ द्यात. तरुण पोरांना चार माणसांच्या नजरेसमोर, उजेडात बसायला जागा असणं चांगलंच आहे. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, मला त्या मुलांची भीती वाटत नाही. आणि रात्रपाळी करून आलेला माणूस झाडाखाली तासभर आडवा झाला तर बागेचं काय बिघडतं? जिथे वर्दळ असते तिथेच बाईमाणसाला सुरक्षित वाटतं. ओस पडलेली बाग उघडली की धास्ती वाटते, माणसांनी भरलेल्या बागेत वाटत नाही.

आमच्या शहराच्या मधोमध सीताबर्डीचा किल्ला आहे. तो लष्कराकडे आहे, वर्षातून मोजके दिवस लोकांसाठी उघडतो, आणि त्याचं कारण सगळ्यांना पटतं. मोहल्ल्यातल्या बागेला तसं कुठलं कारण नाही. ती लोकांच्या करातून, लोकांसाठी केलेली आहे.

हे स्थानिक पातळीवर का मागत नाही, असं आपण विचाराल. नागपुरात काही बागा महापालिकेच्या आहेत, काही सुधार प्रन्यासाच्या, महाराजबाग कृषी विद्यापीठाची. दुसऱ्या शहरांतही बऱ्याच ठिकाणी हीच दुपारची सुट्टी आहे. प्रत्येक फाटकापाशी वेगळा अर्ज घेऊन जाणं आमच्यासारख्यांना जमणारं नाही. आपल्या खात्यातून एक परिपत्रक निघालं तर सगळ्या शहरांना ते एकदम लागू होईल. उन्हाळ्यासाठी काही शहरांच्या उष्णता कृती आराखड्यांत दुपारी बागा उघड्या ठेवण्याची सूचना असते, सावलीसाठी. सावलीसाठी हे करता येतं तर उन्हासाठीही येईल.

परिपत्रकात फार लिहावं लागणार नाही. कार्तिक ते माघ, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बागा सकाळी सहा ते रात्री आठ सलग उघड्या राहतील. झाडलोट आणि पाणी भागाभागानं होईल. दुपारी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह चालू राहील. हे शेवटचं वाक्य कृपया गाळू नका, त्या फुटपाथवरच्या बायांनी ते मला दोनदा सांगितलं आहे.

अधिवेशनाच्या दिवसांत एका दुपारी सभागृहाचं काम थोडा वेळ थांबलं, तर या. ताफा नको, पाटीवरच्या वेळेचीही चिंता नको. आईंना मी रोज दीडला खाली आणते आणि आम्ही फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसतो, तिथे भिंतीवरून थोडं ऊन येतं. येताना संत्री आणू नका, ती आमच्याकडे असतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर