क्रिप्टोतला तोटा करातून वजा होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर हल्ली कापूस-सोयाबीनच्या भावांशेजारी बिटकॉइनचा भावही असतो. छापा, हरकत नाही. आमच्या दारव्हा तालुक्यातली पोट्टी तो मोबाईलवर घडीघडी बघतच असतात. पण भावासोबत कराचा हिशेबही एकदा छापा. मी तालुक्याच्या गावी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते, आणि गोंधळ इथंच होतो.

परवाचंच सांगते. घरच्या कापसाच्या चुकाऱ्यातले एक लाख रुपये एका पोरानं क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांत घातले. एक नाणं ४० हजारांना घेऊन ७० हजारांना विकलं, दुसरं ६० हजारांना घेऊन ३० हजारांना. मला म्हणाला, "ताई, तीस आले, तीस गेले. बराबर झालं नं? मंग टॅक्स कायचा?"

वावरात हे गणित चालतं. कपाशीनं बुडवलं आणि तुरीनं भरून काढलं की साल निभावलं. क्रिप्टोत १ एप्रिल २०२२ पासून ते चालत नाही. नफ्याच्या ३० हजारांवर ३० टक्के म्हणजे ९ हजार, त्यावर ४ टक्के उपकराचे ३६०. दुसऱ्या नाण्यातला तोटा या नफ्यातून वजा होत नाही, दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातूनही नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. हाती दमडी न राहता ९,३६० रुपये कर! खरेदीची किंमत सोडली तर दुसरा खर्चही धरत नाहीत. ॲपची फी नाही, आणि कोणी शेकडा तीननं पैसे काढून लावले असतील तर त्याचं व्याजही नाही. मला विचाराल तर हा नियम अन्यायाचाच आहे, पण आहे तो आहे.

"आपली तर शेती, आपल्याले कायचा आयकर," हेही रोजचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, क्रिप्टोचा नफा नाही. आणि करमुक्त मर्यादेचा फायदाही या नफ्याला मिळत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं, रुपये खात्यात आलेच नाहीत, तरी कायद्यानं ती विक्रीच.

१ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर कापतात, मग नफा असो की तोटा. वरच्या पोराचे असे हजार रुपये कापले गेले होते, तेव्हा भरायचे राहिले ८,३६०. ही कपात 'सव्वीस एएस' या आयकर खात्याकडच्या कराच्या उताऱ्यात दिसते, म्हणजे आयकर खात्याला व्यवहार आधीच ठाऊक असतो. उलट ज्यांचं सगळंच बुडालं ते लाजेपायी विवरणपत्रच भरत नाहीत आणि परत मिळू शकणारा टीडीएसही सोडून देतात.

स्क्रीनवरच्या टक्क्यांतही असाच गोंधळ होतो. ५० टक्के पडलेलं नाणं मूळ भावाला यायला १०० टक्के चढावं लागतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरवर होता, वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आला. तो जुना भाव पुन्हा दिसायला मार्च २०२४ उजाडला. ज्याला मधेच पोरीचं लग्न किंवा बी-बियाणं करायचं होतं, तो थांबणार कसा?

आपण एक चौकट छापावी: प्रत्येक नाण्याचा नफा-तोटा वेगळा लिहा आणि मार्चअखेर ॲपवरून व्यवहारांची यादी उतरवून ठेवा. त्या पोराचं जुनं ॲप बंद पडलं होतं. त्याची निम्मी खरेदी आम्ही बँकेच्या पासबुकावरून आणि यूपीआयच्या मेसेजांवरून जुळवली.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ