नागरिकत्वाच्या शपथेआधी दिवसांचा आणि सातबाऱ्याचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधून शिक्षणासाठी कॅनडाला गेलेली आणि पुढे पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन तिथेच नोकरीला लागलेली बरीच मुले आता नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत आली आहेत. या अर्जांच्या कागदपत्रांचे काम आम्ही पाहतो. गाडी अडते ती दिवसांच्या मोजणीत, आणि शपथ झाल्यावर इकडच्या शेतीच्या व पासपोर्टच्या कागदांत. दोन्ही गोष्टी आधी माहीत असतील तर टाळता येतात, म्हणून हे पत्र.

अर्जाच्या तारखेआधीच्या 5 वर्षांत अर्जदार प्रत्यक्ष 1,095 दिवस कॅनडात असावा लागतो. पीआर मिळाल्यानंतरचा दिवस पूर्ण धरतात. त्याआधी स्टडी किंवा वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धा, आणि अशा अर्ध्यांची बेरीज जास्तीत जास्त 365. म्हणजे दोन वर्षे शिकून पीआर झालेल्याला त्यानंतर आणखी 730 दिवस भरावे लागतात. त्यात आखाजीला तीन आठवडे, कानबाईच्या रोटांना दोन आठवडे आणि घरातल्या लग्नाला महिनाभर गावी आले, की तेवढी तारीख पुढे गेली. शिवाय ही 5 वर्षे अर्जाच्या तारखेबरोबर पुढे सरकतात. ‘भरू सावकाश’ म्हणणाऱ्याचे विद्यार्थीदशेतले दिवस मागच्या बाजूने गळत जातात, आणि थांबून वाटतो तेवढा फायदा होत नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो पीआर टिकवण्याचा नियम आणि नागरिकत्वाचा नियम एकच समजल्याने. पीआर टिकवायला 5 वर्षांत 730 दिवस पुरतात. कॅनडातल्या कंपनीने पूर्णवेळ नेमणुकीवर बाहेरदेशी पाठवले असेल, किंवा कॅनडाचा नागरिक असलेल्या पती-पत्नीसोबत बाहेर राहिले असेल, तर ते दिवसही त्यात धरता येतात. नागरिकत्वाला ही सवलत नाही. सैन्य व सरकारी सेवेचे मोजके अपवाद सोडले, तर पगार कॅनडाचा, कर कॅनडात, पण बसलेले दुबईत किंवा जळगावच्या घरी, असे दिवस नागरिकत्वासाठी शून्य. कंपनीने दोन वर्षांसाठी बाहेर पाठवायचे ठरवले तर हो म्हणण्याआधी हा हिशोब मांडावाच.

1,095 भरले त्याच दिवशी अर्ज करू नये. दोन-तीन आठवडे जास्तीचे हाताशी ठेवावेत, कारण मोजणीत एखादी फेरी हमखास सुटते. अमेरिकेत गाडीने केलेली शनिवार-रविवारची फेरी कुणाच्या लक्षात राहत नाही. सीमेवरची नोंद मात्र दोन्ही देश एकमेकांना देतात. कॅनडात उतरताना शिक्का पडेलच असेही नाही. म्हणून तिकिटांचे ईमेल जपावेत, आणि त्या 5 वर्षांत वापरलेला प्रत्येक पासपोर्ट हाताशी असावा. जुना, रद्द होऊन कोपरा कापलेला पासपोर्ट पुष्कळदा गावी कपाटात पडून असतो. तो टाकून देऊ नका. अर्जाआधीच्या 4 वर्षांत सलग 183 दिवस किंवा जास्त काळ भारतात काढला असेल (आईवडिलांच्या आजारपणात असे होतेच), तर इथला पोलीस दाखलाही लागतो.

उरलेले सोपे आहे. त्या 5 पैकी किमान 3 वर्षांचे कर-विवरण, जिथे भरणे बंधनकारक होते तिथे, भरलेले असावे. वय 18 ते 54 असेल तर भाषेचा पुरावा आणि कॅनडाच्या माहितीवरची परीक्षा: 20 प्रश्न, 15 बरोबर. भाषेसाठी पुन्हा आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) देण्याची घाई नको. इंग्रजी माध्यमातली इथली पदवी चालते, फक्त माध्यमाचा उल्लेख कागदावर हवा. नसेल तर महाविद्यालयाकडून पत्र घ्यावे.

ऑस्ट्रेलियात मोजणी वेगळी आहे: 4 वर्षे कायदेशीर वास्तव्य, त्यातले शेवटचे वर्ष पीआरवर, एकूण गैरहजेरी 12 महिन्यांच्या आत आणि शेवटच्या वर्षात 90 दिवसांच्या आत. एका देशातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या देशात वापरू नये.

आता शपथेबद्दल. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. पासपोर्टवर मुदत शिल्लक असली तरी त्यावर प्रवास करणे गुन्हा ठरतो. तो जमा करून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मगच ओसीआय कार्डाचे (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारत सरकार देते त्या कार्डाचे) काम पुढे जाते. शपथ झाल्यापासून कॅनडाचा पासपोर्ट हाती येईपर्यंत प्रवासाला कागदच नसतो, आणि तो आल्यावरही भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय लागतेच. घरात लग्न ठरले असेल किंवा वडिलांचे ऑपरेशन जवळ असेल, तर हे गृहीत धरूनच तिकिटे काढावीत.

शेतीबद्दल खानदेशातल्या घरांत फार गैरसमज आहेत. रावेर-यावलची केळीची बाग असो की चोपड्याचे कापसाचे रान, परदेशस्थ भारतीय किंवा ओसीआयधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वडिलांनी प्रेमाने बक्षीसपत्र करून दिले तरी फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांत ते बसत नाही, आणि ही मनाई नागरिकत्व बदलल्यावर सुरू होते असे नाही. पासपोर्ट भारतीय असतानाही परदेशस्थाला ती लागू आहे. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र ठेवता येते. विकायची किंवा द्यायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्यालाच. त्यामुळे दोघे भाऊ परदेशात असतील तर एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बापाने हयातीतच वाटणी लिहून ठेवण्याआधी हे वकिलाला विचारावे.

वारस नोंदीच्या वेळी नाव अडते. सातबाऱ्यावर स्वतःचे, वडिलांचे नाव व आडनाव असते. तिकडच्या कागदांवर मधले नाव गळालेले किंवा पहिल्याला जोडलेले, आणि लग्न झालेल्या मुलींचे तर आडनावच वेगळे. नागरिकत्वाच्या दाखल्यावर काय नाव येणार ते अर्ज भरतानाच तपासावे. फरक राहिलाच तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जुन्या पासपोर्टची प्रत जोडून ठेवावी. तिकडे केलेले कुलमुखत्यारपत्र नोटरी करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारे सरकारी प्रमाणन, घ्यावे (कॅनडात ही सोय जानेवारी 2024 पासून आहे) आणि ते भारतात पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे. ही मुदत चुकली की भावाला खेपा घालाव्या लागतात आणि दंडही पडतो.

तहसील आणि तलाठी कार्यालयांना विनंती आहे की, परदेशस्थ वारसाला कोणते कागद लागतात त्याची मराठी यादी दर्शनी भागात लावावी. आज ही माहिती प्रत्येक घर नव्याने शोधत बसते.

आपले,
परदेशी कागदपत्रांचे काम पाहणारे सल्लागार, भुसावळ