ताई, तुमच्याकडेही तो एरर आला, त्याबद्दल आभार

ताई, नमस्कार. नाव टाकायचं नाही म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे हे सगळ्यांसमोर लिहितोय, रागावू नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पिंपळगावकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर मी बघतो. कुठला माल युरोपला, कुठला गल्फला, कुठला लोकलला हे मण्याची साईज, ब्रिक्स (म्हणजे गोडी), रेसिड्यूचा (फवारणीच्या औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट यावर ठरतं आणि हे निकष सारखे बदलतात, दर वेळी कोड कोण उसवत बसणार, म्हणून त्यात ड्रूल्स, म्हणजे नियम (रूल्स) कोडबाहेर वेगळे लिहून चालवणारं सॉफ्टवेअर, बसवलं. लॅपटॉपवर मस्त चालायचं. सर्व्हरवर टाकलं की रूल लोड होतानाच 'नो सच मेथड एरर', म्हणजे कोडला हवा असलेला कामाचा तुकडा (मेथड) सापडतच नाही. आणि हे कधी, तर ऐन फेब्रुवारीत, गेटवर गाड्या उभ्या आणि शेतकरी दादा विचारतायत की साहेब माल घेताय का परत नेऊ.

ज्याला आम्ही सपोर्टचे रोख पैसे मोजतो तो म्हणाला "आमच्याकडे चालतंय". मग म्हणाला जावा अपग्रेड करा. मग म्हणे रॅम वाढवा. अहो, मेथडच सापडत नाहीये, रॅम वाढवून ती उगवणार आहे का? एका जुन्या मित्राने तर ड्रूल्स फेकून दे, सरळ इफ-एल्स लिही असा फुकटचा सल्ला दिला.

तुमचा नंबर मावसभावाने दिला, ओळख ना पाळख. तुम्ही पॉम फाईल (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) आणि लॉग मागितला, वर बजावलंत, "कापून पाठवू नका, शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंत, म्हणजे मूळ कारणाच्या ओळीपर्यंत, सगळा पाठवा." आणि रात्री उशिरा तुमचा मेसेज, "माझ्याकडेही आला. सेम लाईन." खाली तुमच्या स्क्रीनचा फोटो, काळ्या खिडकीत माझाच एरर, जसाच्या तसा.

उत्तर नव्हतं हो त्यात. कारण तोपर्यंत तुम्हालाही सापडलं नव्हतं. पण मी तो फोटो बायकोला नेऊन दाखवला, तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, ती म्हणाली एरर आला म्हणून कोणी एवढं खूश होतं का? मी झालो. बाकी सगळे त्यांच्याकडे चालतं हे सांगण्यात गुंतलेले, तुम्ही एकट्या ते बिघडवून बघायला बसलात, तेही तुमच्या लॅपटॉपवर येईना म्हणून लिनक्स टाकून, दिवसभराची नोकरी करून आल्यावर.

कारण तुम्ही नंतर समजावलंत तेव्हा डोक्यात लख्ख बसलं. ड्रूल्स रूल्स वाचून चालू प्रोग्रॅममध्येच कंपाइल करतं, त्यासाठी पोटात एक्लिप्स या जावाच्या टूलचा कंपायलर (कोड चालवण्याजोगा करून देणारा प्रोग्रॅम) बाळगतं. आमची पॅकिंग लिस्ट छापणारं जुनं जॅस्पर रिपोर्ट्सही तेच करतं, फक्त त्याच्यासोबत येणारा कंपायलर 3.1.0, म्हणजे 2005 सालच्या एक्लिप्सचा. दोन्ही जारचे (जावा लायब्ररीच्या फाईलींचे) ग्रुप आयडी, म्हणजे जणू आडनावं, वेगळे, म्हणून लायब्रऱ्या गोळा करणाऱ्या मेव्हनला त्या वेगळ्या वस्तू वाटतात आणि तो दोन्ही ठेवतो. आत क्लासची नावं मात्र तीच. तुम्ही म्हणालात, एका गल्लीत एकाच नावाची दोन माणसं, पोस्टमन ज्याचं दार आधी लागेल त्याच्याकडे पत्र टाकून मोकळा. आमचा प्रोग्रॅम ज्यात चालतो त्या टॉमकॅटमध्ये आवृत्ती 8 पासून जार कुठल्या क्रमाने उघडतील याची हमीच नाही, म्हणून लॅपटॉपवर नवीन आधी लागायचा आणि सर्व्हरवर जुना. जुन्याला एक्सक्लूजन टाकलं, म्हणजे तो घेऊच नको असं पॉममध्ये सांगितलं, पॅकिंग लिस्टही छापून बघितली, झालं. त्या सपोर्टवाल्या कन्सल्टंटने डिपेंडन्सी ट्री (कुठली लायब्ररी कुणासोबत येते ती यादी) एकदा जरी उघडून बघितला असता तरी दोन्ही नावं समोर दिसली असती, पण त्याला ते "बिलिंगमध्ये बसत नाही".

हुशार माणसं आता अंबड-सातपूरलाच काय, पैशाला पासरी मिळतात. पण समोरचा खरं बोलतोय असं धरून कामाला लागणारी माणसं कमी झालीत. डॉक्टर असो, मेकॅनिक असो की बँकेतला क्लार्क, आधी तुमचंच काहीतरी चुकलंय इथूनच सुरुवात. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की तुम्ही नक्की नीट केलंय ना.

पैसे घेतले नाहीत ते नाहीत, आता द्राक्षाच्या पेटीला तरी नाही म्हणू नका. गाडी गंगापूर रोडकडून रोज जाते, ऑफिसला ठेवू की घरी तेवढं कळवा, आणि संध्याकाळी पाचच्या आत कळवा कारण नंतर ड्रायव्हर फोन उचलत नाही.