तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमची सून आहे आणि ती हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहितेय. समोर येऊन आभार मानले असते तर "चहा टाकतो" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता.

पतपेढीत दिवसभर काउंटरवर बसणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाली म्हटल्यावर सोसायटीत किती हसले, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हसला नाहीत, शाबासकीही दिली नाहीत. टेप घेऊन जिन्यात आलात. पायरी साडेसहा इंच, मजल्याला अठरा पायऱ्या, चौदा मजले. पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडलात. "एक फेरी म्हणजे साधारण बेचाळीस मीटर. वाटेतल्या नामचे बाजार गावाच्या आधीची चढण सहाशेची. चौदा फेऱ्या मार, वर्तकनगरात बसून नामचे गाठशील." एवढा हिमालय तुम्ही आपल्या जिन्यात बसवलात.

मग दाराबाहेर खिळ्याला वही टांगलीत, दोरीला बांधलेलं पेन. सॅकमध्ये पाच किलो कोलम घालून मी चढायची, तुमच्या दाराशी रेघ ओढायची. पहिल्या आठवड्यात तीन रेघा. (ते तांदूळ आम्ही नंतर खाल्ले, घामासकट.)

सगळ्यात जास्त राग आला होता उतरताना लिफ्ट बंद केलीत तेव्हा. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला होतात, "चढताना दम जातो, तो परत येतो. गुडघे उतरताना जातात, ते येत नाहीत." ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या वाटेवर खाली येताना माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरं काठीवर रेलत होती, तेव्हा त्या वाक्याची किंमत कळली.

पण 2023 च्या मे महिन्यात मी बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचेहून, 4940 मीटरवरून, परत आले. ठाणे समुद्रसपाटीला, रविवारी येऊरला कितीही चाललं, कळसूबाईचे 1646 मीटर चढून आलं, तरी विरळ हवेची सवय होत नाही. आमच्या गटाने दिवस वाचवायला वाटेतल्या डिंगबोचे गावचा विश्रांतीचा मुक्काम गाळला. माझं डोकं आदल्या दिवसापासून ठणकत होतं आणि मी ते लपवलं. हरल्यासारखं दिसेल म्हणून. रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी खाली आणलं.

घरी आल्यावर चार दिवस मी लिफ्टनेच ये-जा केली, वाटेत तुमचं दार लागू नये म्हणून. पाचव्या दिवशी तुम्हीच वर आलात, जिन्याने, त्या गुडघ्यांनी. धीर वगैरे काही दिला नाहीत. विचारलंत, "डोकं दुखत होतं ते कुणाला सांगितलंस?" मी गप्प. वहीचं नवीन पान उघडून तुम्ही वर लिहिलंत: 'दुखलं तर बोलायचं.' आणि खाली पहिली रेघ माझ्याकडून ओढून घेतलीत.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नामचेला एक दिवस जास्त, डिंगबोचेला एक दिवस जास्त. तीन हजारांच्या वर मुक्काम दिवसाला पाचशे मीटरच्या आसपासच वाढवायचा, हे मी गटप्रमुखाच्या आधी सांगत होते. गोरक्षेपच्या, म्हणजे शेवटच्या मुक्कामाच्या, अलीकडे डोकं पुन्हा जड झालं, लगेच बोलले, तासभर बसवलं, डोकं हलकं झालं. बेस कॅम्पच्या 5364 मीटरवर हवेत ऑक्सिजन आपल्या निम्माच. दहा पावलं, थांबा, दहा पावलं. मी मनात आपले मजले मोजत होते. तिथे पोचल्यावर रडू येईल वाटलं होतं. खरं तर पहिला विचार आला तो पाणी पिण्याचा.

काका, तुम्ही स्वतः हिमालय कधी पाहिला नाहीत. तरीही मला तिथे कसं जायचं ते तुमच्याइतकं कुणीच सांगितलं नाही. मनापासून आभार.

वही माझ्याकडेच आहे, मागची पानं कोरी आहेत. दहाव्या मजल्यावरच्या वहिनींना केदारनाथला पायी जायचंय, परवा विचारत होत्या. रविवारी त्यांना टेप घेऊन तुमच्याकडे पाठवते.

तुमची,
अकराव्या मजल्यावरची