पुठ्ठ्यावरचा गुणतक्ता

महोदय,

खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हापासून त्यांच्याविषयी जे काही छापून येते ते मी कापून ठेवतो. बहुतेक ठिकाणी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगचे, विजेतेपद मिळवून दिल्याचा उल्लेख असतो, पण तो एका ओळीत उरकलेला. तो २०१६-१७ चा हंगाम मी पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत जगलो आहे. त्याची एवढीच नोंद राहावी हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

मी मुंबई एफसीचा पाठीराखा. फोर्टमधल्या कचेरीत नोकरीला होतो. सामना असला की दुपारनंतरची रजा टाकायची, चालत कूपरेजचे मैदान गाठायचे आणि रात्री उशिराच्या गाडीने डोंबिवलीला परतायचे, असा कित्येक वर्षांचा क्रम. आधी महिंद्रा युनायटेडसाठी जायचो. २००५-०६ मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली, ती मुंबईच्या फुटबॉलमधली माझी सर्वांत आनंदाची आठवण. २०१० मध्ये तो संघ बंद झाला. मग मुंबई एफसी होती. २००७ साली निघालेला, पिवळ्या जर्सीचा संघ. महिंद्राकडून खेळलेले खालिद २००९ पासून सात वर्षे त्याचे प्रशिक्षक होते आणि त्या सात वर्षांत हा संघ एकदाही खालच्या श्रेणीत गेला नाही. अजिंक्यपदाच्या जवळपासही गेला नाही, हेही खरे. पण दर वर्षी आमच्या मनात एकच प्रश्न असायचा, पुढच्या हंगामात आपण असू ना? आणि दर वर्षी आम्ही असायचो.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

त्याच उन्हाळ्यात मिझोरामच्या ऐझॉलचा संघ आय-लीगमधून खाली गेला होता. नऊ संघांत आठवा. नववा पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता, पण तो नव्याने थेट प्रवेश मिळालेला संघ असल्यामुळे नियमाने त्याला अभय होते आणि कुऱ्हाड ऐझॉलवर पडली. त्याआधीच्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून हा संघ वर आला होता. खाली जाताजाताही त्यांनी फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली आणि तिथे मोहन बागानकडून ५-० असा मार खाल्ला. पुढे महासंघाच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे गोव्याचे तिन्ही संघ लीगमधून बाहेर पडले. जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावले गेले. खालिद तिथे गेले. त्यांच्या संघात ठाणे-मुंबईकडच्या मैदानांवर घडलेला जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता, गोलरक्षक अल्बिनो गोम्स होता. सीरियाचा महमूद अल-आम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान आणि आयव्हरी कोस्टचा कामो बायी हे परदेशी. बाकी बहुतेक मिझो पोरे. मिझोरामने २०१४ मध्ये संतोष चषक जिंकला होता, त्यामुळे तिथे खेळाडू आहेत हे माहीत होते. पण अजिंक्यपदाचा विचार निदान माझ्या डोक्यात तरी नव्हता.

वर्तमानपत्रात गुणतक्ता नियमित यायचा नाही. म्हणून मी कचेरीतल्या एका जुन्या फायलीचा पुठ्ठा घरी आणला. त्यावर माझ्या मुलीने, तेव्हा ती नववीत होती, पट्टीने रेघा मारून दहा संघांची नावे लिहिली आणि गुणांचे रकाने पेन्सिलीने भरायला घेतले. संघ वरखाली झाला की नाव खोडायचे आणि पुन्हा लिहायचे. फेब्रुवारी संपेपर्यंत त्या पुठ्ठ्यावर दोन जागा खोडून खोडून काळ्या पडल्या. एक वरची आणि एक खालची. वर ऐझॉल, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची अदलाबदल चालली होती. खाली मुंबई एफसी घसरत होती. सुरुवात बरी झाली होती, मग विजय मिळेचना.

खालिद त्या हंगामात पाहुण्या संघाला घेऊन कूपरेजवर आले, तेव्हाचा प्रसंग मला अजून छळतो. मी पिवळी जर्सी घातली होती. समोर पाहुण्यांच्या बाकाजवळ तेच खालिद, तशीच येरझार घालत, तसेच ओरडत. इतकी वर्षे ज्यांच्या प्रत्येक हाकेसरशी माझा जीव वरखाली व्हायचा, त्यांच्या हाका आता आमच्याविरुद्ध होत्या. मुलीने विचारले, "बाबा, टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?" मी मुंबईसाठीच वाजवल्या. पण सामना संपल्यावर ते आत जाईपर्यंत आम्ही दोघेही उभे राहिलो.

२२ एप्रिलला ऐझॉलमध्ये मोहन बागानशी गाठ पडली. दोन्ही संघांचे गुण सारखे, ३३. सामना शेवटाकडे आला तरी गोल नाही. मग ८३व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्तेचे हेडर जाळ्यात गेले. १-० आणि ऐझॉल ३६. शेवटचा सामना ३० एप्रिलला, रविवारी, शिलाँग लाजाँगच्या मैदानावर. बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटालाच दिपांडा डिकाने लाजाँगला पुढे नेले. त्याच दिवशी कोलकात्यात मोहन बागानने चेन्नई सिटीला हरवले. म्हणजे ऐझॉल हरले असते तर दोघेही ३६ वर आले असते. आमच्या घरात कुणी बोलत नव्हते. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि उरलेला वेळ मी उभ्यानेच पाहिला. १८ सामने, ३७ गुण. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय विजेता. मुलीने पुठ्ठ्यावर सर्वांत वरच्या ओळीत ऐझॉलचे नाव या वेळी पेनाने लिहिले.

मग तिने सर्वांत खालच्या ओळीतही पेनाने लिहिले. मुंबई एफसी, दहावा.

संपादक महोदय, संघ हरला, खाली गेला, याचे मला दुःख आहे, पण तक्रार नाही. आमचा संघ त्या वर्षी खरोखरच कमी पडला. माझे दुखणे पुढचे आहे. खाली गेलेल्याने खालच्या श्रेणीत खेळायचे, जिंकायचे आणि परत यायचे, हीच तर लीगची रीत. मुंबई एफसी पुढच्या वर्षी द्वितीय श्रेणीत दिसलीच नाही. पुण्याचा शिवाजियन्सही मैदानातून गेला. एका हंगामानंतर महाराष्ट्राचे दोन्ही संघ आय-लीगमधून नाहीसे झाले. आणि जो वर गेला त्याचे तरी काय झाले? त्या वर्षी इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे २०१४ पासून आय-लीगच्या बरोबरीने चाललेल्या वेगळ्या लीगमध्ये, दोन नवे संघ घेतले, बेंगळुरू आणि जमशेदपूर. राष्ट्रीय विजेता ऐझॉल त्यात नव्हता. ते जानेवारी २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब आहानशी खेळले आणि ३-१ ने हरले. पण तोवर खालिद ईस्ट बंगालकडे गेले होते, आम्नाही तिकडेच, कामो मोहन बागानकडे, राणे आणि मेहता सुपर लीगमधल्या एटीके संघाकडे. जिंकलेला संघ वर्ष उलटायच्या आत विखुरला. मैदानावर कमावलेल्या जागेला पुढे किंमत असती, तर त्यातले निम्मे तरी थांबले असते असे मला वाटते.

आय-लीगच्या विजेत्याला वरच्या लीगचे, म्हणजे सुपर लीगचे, दार २०२३ मध्ये उघडले. पंजाब आणि मोहम्मेडन त्यातून वर गेले. चांगले झाले. पण २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत सुपर लीगमधून एकही संघ खराब खेळला म्हणून खाली गेला नाही. २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता तर हंगाम संपल्यावर काही महिन्यांनी क्रीडा लवादाने ठरवला. आधी चर्चिल ब्रदर्सचे नाव जाहीर झाले होते, जुलैमध्ये ते इंटर काशीचे झाले. नियमाप्रमाणे जे असेल ते असो. पण शेवटच्या सामन्याच्या रात्री घरी पेनाने नाव लिहिणाऱ्या मुलाने मग काय करायचे?

सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये साखळीत पहिला क्रमांकही मिळवला आणि अंतिम सामनाही जिंकला. मला त्याचा आनंदच आहे. तरी तळाच्या दोन संघांची झुंज पाहताना पोटात जो गोळा यायचा, तो त्या लीगमध्ये मला कधी आला नाही, कारण तिथे तळाला राहून काही गमवायचे नसायचे. खेळाडू जीव तोडून खेळतात, त्यांचा दोष नाही.

आपल्याकडे एकच मागणे आहे. क्रीडा पानावर इंग्लंड आणि स्पेनच्या लीगचे गुणतक्ते येतात, ते जरूर यावेत. त्यांच्या शेजारी आठवड्यातून एकदा, सोमवारी, आपल्या देशातल्या वरच्या दोन्ही श्रेणींचे गुणतक्ते छापावेत. तळाच्या ओळीसकट, पूर्ण. एखाद्या लहान गावचा संघ खालून कसा वर येतो आहे, हे मुलांना वर्षभर डोळ्यांसमोर दिसू द्या. २०१६-१७ मध्ये आम्हाला ते पुठ्ठ्यावर करावे लागले.

तो पुठ्ठा माझ्या कपाटात आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे. माझी मुलगी आता नोकरीला लागली, पण पट्टीने रेघा मारून द्यायला ती तयार आहे.

आपला,
कूपरेजचा एक जुना प्रेक्षक,
डोंबिवली (पूर्व)