दाराच्या हँडलांबद्दल काकांना जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जाहीर आभार तुम्हाला आवडणार नाहीत, तरी लिहितेय. फोनवर विषय काढला की तुम्ही "बरं बरं, काच नीट फिरते ना?" म्हणून मोकळे होता. फिरते, काका. आमच्या १९५७च्या शेव्हरोले टू-टेनच्या पुढच्या दोन्ही काचा आता दोन बोटांनी वर-खाली होतात.

मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचे वेडे पुष्कळ, पण सगळे बोलतात इंजिनावर नाहीतर रंगावर. दाराच्या आतल्या हँडलांची कुणाला पडलेली नसते. मला जो तो सांगायचा, नवा सेट हुबेहूब मिळतो, जुनं फेकून दे. तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी काढून तर बघू."

आणि काढणं हीच खरी मेख. त्या काळच्या शेव्हरोलेच्या या हँडलांना बाहेरून स्क्रूच दिसत नाही. मागच्या अंगाला घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप खाचेत बसलेली असते. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की पॅनेल फाटलंच म्हणून समजा. तुम्ही जुन्या सुती धोतराची पट्टी फाडलीत, हँडल आणि त्यामागच्या प्लास्टिकच्या चकतीमध्ये सारलीत आणि बूटपॉलिशवाल्यासारखी दोन्ही हातांनी मागेपुढे ओढू लागलात. कापडात क्लिपचं टोक अडकलं, टिक् झालं, आणि क्लिप उडाली ती नेमकी तुम्ही आधीच पसरून ठेवलेल्या टॉवेलात. तुमचा सगळा अनुभव मला त्या टॉवेलात दिसला. (धोतर कुणाचं होतं, ते काकूंना मी सांगितलेलं नाही.)

मग हँडल उजेडात धरून क्रोमवरच्या पुटकुळ्यांवरून तुम्ही नख फिरवलंत. आतला धातू जस्ताचा, ओतीव. मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून ओल शिरली की जस्त गंजून फुगतं आणि क्रोमला वर ढकलतं; मग पॉलिश कितीही घासा. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. म्हणून सगळं उतरवायचं, खड्डे कोरून साफ करायचे, तांबं चढवायचं, खड्ड्यांत डाख भरून घासायचं, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम. डाख देताना हात सैल सुटला तर हँडलच बसेल, कारण हँडलाचा हा जस्ताचा मिश्रधातू ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. पहिलं तांबं सायनाइडच्या टाकीत चढतं, कारण आम्लाची टाकी जस्तच खाऊन टाकते. हे सांगून झाल्यावर "घरी करायचा विचारही करू नकोस" असा जो दम दिलात, तोही लक्षात आहे.

तुम्ही जन्मभर मुलाम्याच्या कारखान्यात काम केलेले. सगळंच चकचकीत करून घे म्हणाल, असं मला वाटलं होतं. पण तुम्ही वाटण्या केल्यात. काचेच्या एका हँडलचे आतले दाते झिजलेले. ते दांड्यावर घसरणारच, म्हणून तेवढं नवं. खूप फुगलेली दोन मुलाम्याला. क्रोमवाल्याचा आकडा ऐकून नवरा घरात पाणी प्यायला गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. बाकीची साबणपाण्याने धुऊन परत. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर कुणाच्या तरी अंगठ्याने क्रोम पुसून खालचं निकेल किंचित पिवळसर दिसतं. ते मात्र तुम्ही मला साध्या पॉलिशनेही घासू दिलं नाहीत.

मुंबईतल्या शिवडीच्या गोष्टी त्याच दुपारी ऐकल्या. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने तिथे १९२८ साली गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४मध्ये कारखाना बंद झाला, म्हणजे माझी गाडी तिथली असणं शक्यच नाही. तरी तुम्ही वडिलांच्या आठवणी सांगत दाराच्या उंबऱ्यावरची 'बॉडी बाय फिशर'ची (फिशर म्हणजे जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉड्या बनवणारे) पट्टी कितीतरी वेळ पुसत होतात.

बसवताना तुम्ही सांगितलं तसंच केलं: क्लिप आधी हँडलात, काच पूर्ण वर, दोन्ही बाजूंची हँडलं एकाच कोनात, मग तळहाताने एक दणका. पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर वाद घालत नाही.

मागच्या उजव्या दाराची काच अजून अर्ध्यात अडते. आतलं ग्रीस सुकून दगड झालंय. शनिवारी गाडी घेऊन येते. काकूंना सांगा, जेवून येणार नाही.

तुमची,
टू-टेनवाली