माउनहून मंदारला

माउन, बोत्स्वाना
१९ ऑक्टोबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझी लांबलचक मेल मिळाली. वर्गातल्या पोरांना माझे फोटो दाखवून ‘हा माझा मित्र, आफ्रिकेच्या जंगलात हत्तींमध्ये विमान उतरवतो’ असं सांगतोस म्हणे. खुशाल सांग. पण तुझ्या डोक्यात जे ‘साहस’ बसलंय ना, ते आधी काढ. तू गणिताचा मास्तर आहेस, तुला माझी नोकरी इतर कुणापेक्षा लवकर कळेल. मी दिवसभर बेरजा-वजाबाक्या करतो, आणि मधूनमधून उडतो.

सध्याचा महिना इथला सगळ्यात वाईट. पाऊस नोव्हेंबरच्या आसपास यायचा, तोवर पारा चाळिशीला टेकलेला. माउनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांच्या जरा वर आहे. हवा तापली की विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाचाही दम तुटतो. ३८ अंशांना इथली हवा जवळजवळ साडेसहा हजार फुटांवरच्या हवेइतकी पातळ होते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही हजारभर फूट वरून टेकऑफ करायचा, तोही जमिनीवर उभं राहून! सकाळी सहाला जे विमान आरामात उठतं, तेच दुपारी दोनला धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला कुरकुरतं.

माझं विमान सेस्ना २०६. एक इंजिन, ३०० अश्वशक्ती, माझ्यासकट सहा सीटा. पोटाखाली सामानाचा एक पेटारा असतो, त्याचं दार एवढंसं. म्हणून पाहुण्यांना, म्हणजे जंगल सफारीला आलेल्या पर्यटकांना, आधीच कळवलेलं असतं की माणशी २० किलो, तेही मऊ बॅगेत. तरी कोणीतरी चाकांची कडक सुटकेस घेऊन येतोच. गेल्या आठवड्यात असेच एक गृहस्थ आले, नवराबायको. पेटी पेटाऱ्यात जाईना, आणि काट्यावर ठेवली तर ३४ किलो. अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला साधारण ७२० ग्रॅम भरतं, म्हणजे त्या जादा १४ किलोंसाठी मला वीसेक लिटर पेट्रोल काढावं लागलं असतं. वाटेत ढग आडवा आला तर वळसा घालायला मग काय वापरायचं? बाई समजून घेत होत्या, साहेब मात्र ‘मी इतके पैसे भरलेत’ यावर आले. मी पेटी मागच्या विमानाने पाठवायची व्यवस्था केली आणि त्यांना हसून ‘चला’ म्हटलं. हसणं हाही नोकरीचा भाग आहे. विमान धुणं, काच पुसणं, बॅगा चढवणं, पहाटे टाकीच्या तळातून कुपीभर पेट्रोल काढून त्यात पाणी उतरलंय का ते उजेडाकडे धरून बघणं, सगळं मीच. इथलं पेट्रोल निळसर असतं, पाणी असेल तर खाली बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. ते बघितल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही.

आता हत्तींचं. ओकावांगो नदीच्या खोऱ्यातले सफारी कॅम्प म्हणजे आजूबाजूला रस्ता नाही, असला तर पाण्याखाली. म्हणून प्रत्येक कॅम्पजवळ माती नाहीतर मुरमाची एक पट्टी, आणि तिला कुंपण नाही. इम्पाला हरणांना तर मोकळी जागा फारच आवडते, कारण सिंह लांबून दिसतो. त्यामुळे उतरण्याआधी पट्टीवरून एक खालची फेरी मारायची, जनावरं हलतात का बघायचं. बहुतेक वेळा कॅम्पचा माणूस जीप घेऊन पट्टीभर एकदा फिरलेला असतो. हत्ती दिसतो रे, त्याचं काही नाही. खरी धास्ती बिळांची. आर्डवार्क नावाचं एक निशाचर जनावर आहे, मुंग्या-वाळवी खातं आणि एका रात्रीत चाक बसेल एवढा खड्डा करून ठेवतं. आणि दुपारची गिधाडं. उन्हाचे झोत वर चढतात तशी तीही चढतात, नेमकी आमच्या उंचीवर. रात्री विमान बाहेर राहिलं तर चाकांभोवती काटेरी फांद्या रचायच्या, कारण तरसांना टायर चावायला आवडतो.

पण वरून जे दिसतं ते फोटोत येत नाही, हे मान्य. ओकावांगोचं हे पाणी इथल्या पावसाचं नाहीच. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस रमतगमत निघतो आणि माउनला पोचतो जून-जुलैत, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात. आणि नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात पसरते आणि बरीचशी उन्हात उडून जाते. खाली हजारो बेटं दिसतात. त्यातली कित्येक वाळवीच्या वारुळापासून सुरू झालेली. कडेची झाडं पाणी ओढून घेतात, क्षार मागे राहतात, ते बेटाच्या मधोमध साचतात आणि तिथे काही उगवत नाही. वरून प्रत्येक बेट टक्कल पडलेल्या, कडेनं केस राहिलेल्या डोक्यासारखं दिसतं. आपले कदम सर आठवतात.

तुला वाटेल हे सगळं आपल्याला परकं. पण जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला पस मॉथ हे छोटं विमान उतरवलं, ते याच जातीचं उड्डाण होतं. एक इंजिन, मातीचं मैदान, रेडिओसुद्धा नाही. पावसाळ्यात जुहूचं मैदान निकामी व्हायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवत. मी हे इथल्या पोरांना सांगतो तेव्हा ती जरा अदबीनं बघतात.

पोरं म्हणजे दक्षिण आफ्रिकेची, झिंबाब्वेची, एकदोन इंग्रज. सगळी वैमानिक, उड्डाणाचे अवर्स जमवायला आलेली. एअरलाइनच्या कॅप्टनला एटीपीएल हे वरचं लायसन लागतं, त्याला आपल्याकडेही १,५०० तास हवेत, आणि हातात कोरं लायसन घेऊन शहरात बसून ते होत नाहीत. आम्ही चौघं एका घरात राहतो. दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, जरा भरड असतं. इथली माणसं त्याची लापशी करतात, मी चाळून भाकरी थापतो. पहिल्या खेपेला घरमालकीण बघायला थांबल्या होत्या. आता शनिवारी स्वतःचं पीठ घेऊन येतात.

आईचं म्हणणं तुला माहीत आहे: ‘एअरबसची परीक्षा दे आणि परत ये.’ देणार आहे. पण लगेच नाही. पुढच्या हंगामात कॅरव्हॅन या मोठ्या सेस्नावर जायची संधी दिसतेय, टर्बाइन इंजिन, १२-१३ माणसं. शिवाय इथे निर्णय माझा असतो. जानेवारीत एकदा पट्टीच्या अलीकडे पावसाची भिंत उभी होती. कॅम्पचा रेडिओ सांगत होता, ‘इथे तर ऊन आहे.’ मी वळलो, शेजारच्या पट्टीवर उतरलो आणि चार पाहुणे आणि अंड्यांचे दोन ट्रे घेऊन झाडाखाली बसून राहिलो. पाहुणे कंटाळले, कॅम्पच्या आचाऱ्यानं नंतर कटकट केली. पण परत गेल्यावर ऑफिसात कोणी ‘का वळलास’ असं विचारलं नाही. ही गोष्ट मला पगारापेक्षा मोठी वाटते.

तुला यायचंच असेल तर पुढच्या जुलैत ये. पाणी भरलेलं असतं, सकाळी स्वेटर लागतो आणि विमान कमी उड्या मारतं. जोहान्सबर्गहून माउनला थेट विमान आहे. मेतकूट आण आणि गोडा मसाला, तोही माझ्या आईकडचाच. सुटकेस मात्र नको, नाहीतर तुझीही मागच्या विमानाने येईल.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. ते आधी कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल